मुदत संपलेला शिक्का

कराडला एक वृद्ध अध्यापिका राहत असत. त्यांचे आडनाव खांबेटे. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर संगणक शिकवला, आणि निवृत्तीनंतरही ते काम सुटले नाही. आता वर्ग भरत नसे, इतकाच काय तो फरक. ज्याची अडचण असेल तो त्यांच्या घरी येई, आणि पुढच्या खोलीतल्या मोठ्या टेबलाशी बसून बाई त्याच्याबरोबर ती अडचण सोडवीत. अडचण सुटली की तिच्याविषयी दोन शब्द बोलत. लोक यंत्र दुरुस्त करून घ्यायला येत आणि जाताना ते दोन शब्दही बरोबर नेत.

एके दिवशी दुपारी त्यांच्या दाराशी रिक्षा थांबली. हेमांगी पोतनीस ही त्यांची जुनी विद्यार्थिनी चादरीत गुंडाळलेले काहीतरी जड छातीशी धरून खाली उतरली. हेमांगी आता चाळिशीची होती आणि कनिष्ठ महाविद्यालयात स्वतःच संगणक शिकवत होती. तिने ते ओझे टेबलावर ठेवून चादर सोडली. आत एक जुना संगणक होता, पडदा आणि पेटी एकातच असलेला, कडांना थोडा पिवळसर झालेला.

“बाई, मला येतं ते सगळं करून झालं,” ती म्हणाली. “आता तुम्हीच बघा.”

बाईंनी यंत्राकडे पाहिले, मग तिच्याकडे. “आधी पाणी पी,” त्या म्हणाल्या. “यंत्र कुठं पळून जात नाही. हे कोणाचं आहे?”

“अप्पांचं.”

अप्पा म्हणजे हेमांगीचे वडील. ऐन तारुण्यात ते छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरे, जुळवण्याच्या कामाला लागले. शिशाच्या उलट्या अक्षरांची ती पेटी त्यांना इतकी पाठ होती की नजर मजकुरावर ठेवून हात नेमक्या खणात जाई. हेमांगी शाळा सुटल्यावर छापखान्यात जाऊन बसे. तिथे शाईचा आणि खिळे धुण्याच्या रॉकेलचा वास असे. अप्पा तिला उलटे अक्षर हातात देत आणि ते सुलटे कसे उमटेल ते विचारत. पुढे शिसे गेले आणि संगणक आला. पुष्कळ जुळारी तेव्हा घरी बसले. अप्पांनी मात्र पन्नाशी उलटल्यावर कळफलक शिकून घेतला. जुन्या टंकलेखन यंत्रावर अक्षरांची जी जागा असे, तीच जागा ठेवणारी अक्षरजुळणीची एक प्रणाली त्या काळी मिळत असे. अप्पांची बोटे तिच्यावर बसली, आणि मग पुन्हा कळफलकाकडे पाहायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी त्यांना शेवटचे यंत्र देऊन टाकले. तेच हे. अप्पांनी ते घरी आणले. त्यावर ते लग्नपत्रिका लावत, पतसंस्थांचे अहवाल लावत, आणि गावातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाची सगळी पाने तर दर वर्षी तेच लावत. त्या अंकाची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, त्यांचे मित्र सदाशिवराव तपासत. दोघांत ऱ्हस्व-दीर्घावरून वाद होत, आणि वाद झाल्याखेरीज त्यांना अंक झाल्यासारखा वाटत नसे.

पुढे अप्पांची आठवण विरळ होऊ लागली. सकाळचे दुपारी राहीना. हेमांगीने त्यांना आपल्याकडे आणले, यंत्रही आणले. मग तिच्या लक्षात आले, की इतर सर्व ठिकाणी गोंधळणारा हा माणूस त्या यंत्राशी बसला की गोंधळत नाही. अप्पा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तिथे बसत. एखाद्या जुन्या अंकाची पाने उघडत आणि नव्याने लावत. ओळींमधले अंतर पाहत, सुटलेला अनुस्वार देत. जेवायची हाक ऐकली की समाधानाने उठत. त्या पानांची कोणालाही गरज उरलेली नव्हती, पण अप्पांचा दिवस त्या पानांवर उभा होता.

आणि मग यंत्राची डिस्क गेली.

“पानं सुरक्षित आहेत, बाई,” हेमांगी म्हणाली. “मी दुसरीकडे उतरवून ठेवली होती. जुळणीची प्रणालीही आहे. डिस्क नवी टाकली. पण ती प्रणाली फक्त त्या वेळच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. नवी सिस्टिम हे यंत्र घेत नाही, आणि नव्या यंत्रावर ती प्रणाली चालत नाही.”

“नवं यंत्र देऊन पाहिलंस?”

“लॅपटॉप घेतला. दुसरी एक प्रणाली टाकली. त्यांनी बोटं ठेवली आणि ‘कराड’ लिहायला गेले. दुसरंच काहीतरी उमटलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मग ते हात मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, ‘हेमा, आता बोटंसुद्धा विसरली.’”

बाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“तेव्हापासून सारखे उठतात, दाराशी जातात. म्हणतात, छापखान्यात उशीर होतोय. परवा डोळा चुकवून गेलेसुद्धा. छापखाना होता तिथं आता बँक आहे. बँकेच्या पायरीवर बसले होते, कुलूप काढायला अजून कुणी आलं नाही म्हणून. ओळखीच्या माणसानं घरी आणून सोडलं. आत्ता शेजारच्या काकूंपाशी बसवून आले आहे. पुढच्या वेळी ओळखीचं कुणी भेटलं नाही तर?”

“बरं,” बाई म्हणाल्या. “आता काय काय केलंस ते सांग. सुरुवातीपासून.”

हेमांगीने सांगितले. जुनी सिस्टिम तिने बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतली आणि यंत्र सुरू करू शकेल असा पेनड्राइव्ह तयार केला. पहिल्यांदा यंत्राला तो दिसलाच नाही. कारण सापडले: पेनड्राइव्हची आतली विभागणी ज्या पद्धतीची हवी तशी नव्हती. तिने ती बदलली, आणि पेनड्राइव्ह दिसू लागला. यंत्र त्यावरून सुरू झाले, भाषा विचारली, नवी डिस्कही दाखवली. हेमांगीला वाटले, झाले. पण पुढे जायची कळ दाबताच पडद्यावर सूचना आली, की सिस्टिम चढवणाऱ्या इन्स्टॉलरची ही प्रत पडताळता येत नाही, उतरवून घेताना ती खराब झाली असावी.

“मग?”

“पुन्हा उतरवली. तेच आलं. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून नवा आणला, मग कॉलेजातला एक घेतला. दुसऱ्या खाचेत लावून पाहिला. यंत्राची मेमरी काढून पुसून बसवली. दर वेळी तेच, प्रत खराब आहे. इतक्या प्रती एकजात खराब कशा असतील, बाई? शेवटी मलाही वाटायला लागलं, की जुनं म्हणजे खराबच असणार. टाकून द्यावं आणि सुटावं.”

“टाकलंस का?”

“नाही. घेऊन आले.”

बाईंनी पेनड्राइव्ह हातात घेतला, उलटसुलट केला आणि यंत्राला लावला. यंत्र सुरू झाले. सुरू होताना त्यातून एक घुमणारा सूर निघाला, तो ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू आले. सगळे हेमांगीने सांगितल्याप्रमाणेच घडले. प्रत खराब असल्याची सूचना आली आणि बाईंनी ती शांतपणे वाचली.

मग त्यांनी विचारले, “आज तारीख काय?”

हेमांगीने सांगितली.

“नीट लक्षात ठेव. मी विचारीन.”

एवढे बोलून बाई उठल्या आणि कोपऱ्यात इंटरनेटचा जो डबा लुकलुकत होता त्याचे बटण त्यांनी बंद केले. परत येऊन यंत्रापुढे बसल्या, मेनूतून आज्ञा लिहायची खिडकी उघडली आणि एका बोटाने, सावकाश, काही आकडे लिहिले. हेमांगीने वाकून पाहिले. यंत्राच्या घड्याळातले वर्ष झर्रकन मागे गेले होते. ज्या वर्षी अप्पांचा छापखाना भरात होता आणि हे यंत्र नवे कोरे होते, त्या वर्षीची ती तारीख होती.

“बाई, तारीख चुकली,” हेमांगी म्हणाली.

“चुकली नाही. मागे घेतली.”

“पण प्रत खराब आहे त्याचा तारखेशी काय संबंध?”

“दाब आता ती कळ.”

हेमांगीने पुढे जायची कळ दाबली. ती सूचनेची वाट पाहत होती, पण सूचना आली नाही. पडद्यावर एक बारीक पट्टी उमटली आणि डाव्या कडेकडून भरू लागली. तोच पेनड्राइव्ह होता, तीच प्रत होती, तेच यंत्र होते. तारखेखेरीज काहीही बदललेले नव्हते. हेमांगी खुर्चीत मागे टेकली. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर तिला आनंदाऐवजी गोंधळल्यासारखेच झाले.

“प्रत खराब नव्हतीच,” बाई म्हणाल्या. “बनवणाऱ्यानं तिच्यावर एक शिक्का मारलेला असतो, की ही माझीच, हिच्यात कुणी फेरफार केलेला नाही. आणि त्या शिक्क्याला मुदत असते. मुदत संपली. वस्तू जशीच्या तशी, तिचा खरेपणाही जसाच्या तसा, फक्त साक्ष देणाऱ्याची मुदत संपली. यंत्र आजच्या तारखेत उभं राहून तिला विचारतं, तू खरी का? आजच्या तारखेला उत्तर देणं तिला शक्य नाही. मग यंत्र म्हणतं, खराब आहे. त्याला दुसरा शब्दच माहीत नाही. आपण तिच्यात एका अक्षराचाही बदल केला नाही. ती ज्या दिवसात खरी होती, त्या दिवसात जाऊन तिला विचारलं, इतकंच.”

“आणि इंटरनेट का बंद केलंत?”

“ते चालू राहिलं असतं तर बाहेरून कुणीतरी लगेच आजची तारीख सांगितली असती. सांगणारा खरं तेच सांगतो, पण त्या खरेपणानं इथलं काम मोडतं.”

पट्टी सावकाश भरत होती. बाईंनी आतून दोन कप चहा आणला. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालत त्या पट्टीकडे पाहत राहिल्या.

“आपल्या तंत्रनिकेतनातली प्रयोगशाळा आठवते?” त्यांनी विचारले. “चपला बाहेर काढायला लावायचो.”

हेमांगी हसली. “मोजे घालून आत. सगळ्या इमारतीत एसी फक्त तिथं होता. उन्हाळ्यात आम्ही उगीचच काम काढून यायचो.”

“मला माहीत होतं. म्हणून तर कुणाला हाकललं नाही.” बाईंनी बशी ठेवली. “तुमच्याही आधी, पहिली यंत्रं आली तेव्हा एकेक फ्लॉपी घालून सिस्टिम चढवावी लागायची. एक झाली की यंत्र पुढची मागायचं. मधलीच एखादी वाचता आली नाही की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही फ्लॉपीचं ते पत्र्याचं झाकण सरकवायचो, आत फुंकर मारायचो. त्यानं काही होत नाही हे ठाऊक असूनही मारायचो. वाट पाहणं हा त्या कामाचाच भाग होता. कुणी गाणं म्हणायचं, कुणी डबा उघडायचं. एक शिपाई होते, ते रोज सकाळी यंत्राला फूल वाहायचे. मी त्यांना एकदाच सांगितलं, की फुलाचं पाणी आत जाऊ देऊ नका. मग ते कोरडं फूल वाहायला लागले.”

बाहेर भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. हेमांगीचा चहा तसाच राहिला होता.

“बाई,” ती म्हणाली, “अप्पा रोज सदाशिवकाकांना विचारतात. ‘सदाशिव आला का प्रुफं घ्यायला?’ सदाशिवकाका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.”

“मग तू काय सांगतेस?”

“खरं तेच. ते गेले, अप्पा. तुम्ही स्वतः खांदा दिलात. मला वाटतं, रोज सांगत राहिलं तर त्यांच्या डोक्यात ते टिकेल. निदान आज कोणता दिवस आहे, कोण आहे, कोण नाही, एवढं तरी धरून राहतील.”

“सांगितल्यावर ते काय करतात?”

“रडतात. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. ‘मला कुणी कळवलंसुद्धा नाही’ म्हणतात. जेवत नाहीत.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“पुन्हा विचारतात.”

बाईंनी पट्टीवरची नजर काढून हेमांगीकडे पाहिले. “म्हणजे हा मित्र त्यांच्यासाठी रोज नव्यानं जातो,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

हेमांगीने मान खाली घातली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज थोडा चढला होता, स्वतःशीच वाद घातल्यासारखा.

“मग काय खोटं सांगू त्यांना? की येतील, वाटेत आहेत? मला ते जमणार नाही. आणि मला भीती वाटते, बाई. आज ते त्या जुन्या वर्षात जातात तेव्हा मी निदान इथं उभी असते, त्यांना ओढायला. मीही तिकडं गेले, तर त्यांना परत आणणार कोण?”

बाईंनी पडद्याकडे पाहिले. पट्टी शेवटाला आली होती. पडदा एकदा काळा झाला, यंत्रातून पुन्हा तो घुमणारा सूर निघाला, आणि मग जुन्या सिस्टिमचे ते निळे चित्र पडद्यावर पसरले. हेमांगीने ते ओळखले. अप्पांच्या पाठीमागून जाता-येता तिने ते वर्षानुवर्षे पाहिले होते, पण त्याच्याकडे असे लक्ष कधी दिले नव्हते. तिचे डोळे भरून आले.

“चाललं,” ती म्हणाली. “बाई, तारीख अशीच राहू द्यायची का? त्या वर्षातली? अप्पांना बरं वाटेल. कोपऱ्यात त्यांचंच वर्ष दिसेल.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मघाशी तुला लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आजची तारीख काय?”

हेमांगीने सांगितली.

“घाल. तुझ्या हातानं.”

हेमांगीने आजची तारीख घातली. यंत्र जसेच्या तसे चालू राहिले. निळे चित्र कुठे गेले नाही.

“बघ,” बाई म्हणाल्या. “आत येऊन बसलं, की मग त्याला आजची तारीख चालते. दाराशी मात्र चालत नाही. आणि मागच्या तारखेतच सोडून दिलं असतं, तर ते आजच्या कुठल्याच कामाचं राहिलं नसतं. इंटरनेट जोडताच साधी संकेतस्थळंसुद्धा त्याला दारात उभं करत नाहीत, त्यांच्या लेखी त्याचं घड्याळ चुकलेलं. मागं जायचं ते दार उघडायला. तिथं बिऱ्हाड करायला नाही. आणि जाणाऱ्याला आजची तारीख पाठ हवी. तुला पाठ आहे. तू भिऊ नकोस.”

त्या अप्पांविषयी बोलल्या की यंत्राविषयी, हे हेमांगीने विचारले नाही. तिने चादर उचलली आणि यंत्र पुन्हा नीट गुंडाळले. बाई दारापर्यंत आल्या. रिक्षात बसताना तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “थंड झालेला चहा टाकून दिला मी. पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी चहा, मग काम.”

त्या संध्याकाळी हेमांगीने अप्पांची पाने आणि जुळणीची प्रणाली यंत्रावर परत चढवली. यंत्र पूर्वीच्याच जागी ठेवले. अप्पा आतल्या खोलीत होते, त्यांना तिने काही सांगितले नाही.

सकाळी अप्पा अंघोळ करून बाहेर आले. सदरा घातलेला होता. सवयीने ते दाराकडे वळले, आणि वळता वळता थांबले. टेबलावर यंत्र होते. ते जवळ आले. बराच वेळ नुसते उभे राहिले, मग बसले आणि मागच्या बाजूला हात घालून, न पाहता, सुरू करायची कळ दाबली. सूर घुमला. निळे चित्र आले. अप्पांनी स्वतःच एका अंकाची पाने उघडली.

हेमांगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती.

अप्पांनी बोटे कळफलकावर ठेवली. ती तिथे काही क्षण तशीच राहिली, उठायचे की नाही ठरवत असल्यासारखी. मग त्यांनी एक ओळ लिहिली. अक्षरे उमटली, एकामागून एक, जिथली तिथे. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली आणि पुढची ओळ लिहू लागले.

थोड्या वेळाने पाठमोरेच ते म्हणाले, “सदाशिव आला का प्रुफं घ्यायला?”

रोजचे उत्तर हेमांगीच्या ओठांवर आले. ते खरे उत्तर होते, आणि रोज ते देताना आपण वडिलांना धरून ठेवतो आहोत असे तिला वाटत आले होते. तिने ते गिळले. हात पुसले, स्टूल ओढले आणि अप्पांच्या शेजारी जाऊन बसली.

“ते नाहीत आत्ता,” ती म्हणाली. “तोवर मी वाचू का?”

अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत ओळख नव्हती, पण अनादरही नव्हता. नव्याने कामावर आलेल्या माणसाकडे पाहावे तसे ते पाहत होते.

“आपण वाचता का प्रुफं?”

जन्मात पहिल्यांदा वडिलांनी तिला ‘आपण’ म्हटले. हेमांगीला आत कुठेतरी लागले, पण त्यांचे विसरणे आदल्या दिवसापर्यंत लागत असे तितके नाही.

“शिकते आहे,” ती म्हणाली.

“मग बसा. मोठ्यानं वाचा. घाई करू नका. ओळ संपल्याशिवाय डोळा पुढं न्यायचा नाही. अर्थ कळायला लागला की चुका दिसेनाशा होतात, म्हणून अर्थात फार रमायचं नाही.”

तिने वाचायला सुरुवात केली. कृष्णाकाठच्या वांग्यांवर कुणीतरी लिहिलेला लेख होता. गाळाची जमीन, पहाटे काढलेली वांगी, त्यांच्या देठांचे काटे, बाजारच्या दिवशी होडीतून येणाऱ्या पाट्या. हा लेख घरात किती वर्षे पडून होता, पण तिने तो कधी वाचलेला नव्हता. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी बोट वर केले.

“‘पाणी’ म्हणालात. त्याच्यापुढं स्वल्पविराम आहे?”

“नाही.”

“पाहिजे.” त्यांनी स्वल्पविराम दिला. मग हात कळफलकावर तसाच ठेवून, कुणाला उद्देशून नव्हे, सहज बोलल्यासारखे म्हणाले, “ही चूक सदाशिव पहिल्याच वाचनात धरायचा.”

हेमांगीचे वाचन थांबले. ते ‘धरतो’ नव्हे, ‘धरायचा’ म्हणाले होते, आणि त्यांचे त्यांनाच ते उमगले आहे की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. चेहऱ्यावर दुःख होते, पण जुने, सवयीचे झालेले. आज ते नव्याने कोसळले नाही. अप्पांनी एक सुस्कारा टाकला आणि बोटाने पुढची ओळ दाखवली.

ती वाचत राहिली. ऊन खिडकीतून टेबलावर आले आणि पुढे सरकले. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बदलले. एका ठिकाणी हेमांगीचे म्हणणे वेगळे पडले, तेव्हा अप्पांनी वाद घातला, आणि शेवटी तिचेच बरोबर आहे असे कबूल करून दुरुस्ती केली. वाद घालताना त्यांचा आवाज चांगला खणखणीत लागला होता. दाराकडे ते एकदाही गेले नाहीत.

लेख संपत आला तेव्हा वाचून वाचून तिचा घसा कोरडा पडला आणि ती खाकरली. अप्पांनी मान वळवून पाहिले. या वेळी ते नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ पाहत राहिले.

“हेमा,” ते म्हणाले, “दमलीस का गं?”

“नाही, अप्पा,” ती म्हणाली. “पुढचं पान घ्या.”